दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर काढताना: मुंबई–न्यूयॉर्कच्या उदाहरणासह पूर्ण रीत

मुंबई–न्यूयॉर्क अंतर शोधायला बसलं की १२,५३२, १२,५५१, ७,७९९ आणि ६,७७७ असे चार आकडे सहज सापडतात. चारही बरोबर आहेत: पहिले दोन किलोमीटरमध्ये, तिसरा मैलांत, चौथा नॉटिकल म्हणजे सागरी मैलांत. एक्सेलमध्ये स्वतः गणित मांडणाऱ्यांच्या हाती मात्र बरेचदा २,३९८, ६,२५९ किंवा १६,४५३ लागतं, आणि हे तिन्ही आकडे साफ चूक आहेत. २,३९८ पाहून निदान शंका तरी येते. ६,२५९ कुणालाच खटकत नाही आणि तसाच पुढे जातो.

सूत्र चुकल्यामुळे असं होतं हे फार क्वचित. सूत्र सगळीकडे एकच आहे आणि ते उतरवून घेता येतं. चुका होतात त्या सूत्रात आकडे घालण्याच्या आधी आणि उत्तर आल्यानंतर. म्हणून खालच्या लेखात सूत्राला एकच टप्पा दिला आहे, बाकीचे टप्पे तयारीचे आणि तपासणीचे आहेत. सायंटिफिक कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल, गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल.

## टप्पा १ : अंतर कशासाठी हवंय ते आधी लिहून काढा

ही औपचारिकता नाही. उत्तर किलोमीटरमध्ये हवं की मैलांत, थेट अंतर हवं की थांब्यांसह, हे इथेच ठरतं.

नुसतं कुतूहल असेल, शाळेचा प्रकल्प असेल किंवा दोन मार्गांची तुलना करायची असेल तर पृथ्वी पूर्ण गोल मानून काढलेलं अंतर पुरे. वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या मैल-योजनेसाठी आकडा जमिनीवरच्या, म्हणजे १.६०९ किमीच्या मैलांत लागतो. उड्डाणाचं नियोजन किंवा सिम्युलेटर असेल तर नॉटिकल मैल.

युरोपातून निघणारं विमान रद्द झालं किंवा खूप उशिरा पोहोचलं आणि भरपाई मागायची असेल, तर अंतराला थेट पैशांचं मोल येतं. युरोपियन युनियनच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात १,५०० आणि ३,५०० किमी या दोन मर्यादा आहेत, आणि अंतरानुसार भरपाई २५०, ४०० किंवा ६०० युरो ठरते. हे अंतर बृहद्वृत्ताच्या रीतीने मोजायचं, असं त्या नियमातच लिहिलं आहे. बृहद्वृत्त, म्हणजे ग्रेट सर्कल, हे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट त्याच्यावरून जाते. आपण काढणार आहोत ते अंतर हेच.

इशारा: विमानाला लागणारा वेळ गुणिले वेग, असं करून अंतर काढू नका. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट स्ट्रीममुळे, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे, न्यूयॉर्कहून मुंबईला येताना आणि मुंबईहून जाताना वेळ वेगळा लागतो. वेळापत्रकात छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो.

## टप्पा २ : शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

‘न्यूयॉर्क’ म्हणजे जेएफके, नुअर्क की लाग्वार्डिया? ‘लंडन’ म्हणजे हीथ्रो की गॅटविक? पूर्वी मुंबई म्हटलं की हा प्रश्न पडत नव्हता. आता पडतो, कारण नवी मुंबई विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आहेत आणि त्याचा कोड एनएमआय आहे. जुन्या विमानतळाचा बीओएम. गोव्यातही दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. बारा हजार किमीच्या प्रवासात या फरकाने टक्काभरही फरक पडत नाही, पण भरपाईच्या मर्यादेच्या आसपासचं अंतर असेल तर पडू शकतो. शिवाय तिकिटावर एक कोड आणि गणितात दुसरा, हे कागदोपत्री बरं दिसत नाही.

एकाच नावाच्या गावांचा घोळ त्याहून मोठा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे आणि तिथेही विमानतळ आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. म्हणून नावाने शोधू नका, तीन अक्षरी कोडने शोधा.

कोडसुद्धा जागा बदलतात. हैदराबादचा एचवायडी हा कोड २००८ पर्यंत बेगमपेठचा होता, नंतर तो शमशाबादला गेला. इस्तंबूलचा आयएसटी २०१९ च्या एप्रिलमध्ये अतातुर्क विमानतळावरून शहराच्या उत्तरेकडच्या नव्या विमानतळाकडे गेला. इंटरनेटवर फिरणाऱ्या विमानतळांच्या तयार याद्यांमध्ये अजून जुनी ठिकाणं असू शकतात.

तपासणी: तिकिटावरचा कोड आणि तुमच्या कागदावरचा कोड अक्षरन्‌अक्षर जुळतो ना?

## टप्पा ३ : अक्षांश-रेखांश घ्या आणि एकाच रूपात आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक चुका इथेच होतात.

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. तो त्या-त्या देशाच्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत दिलेला असतो. भारतासाठी ही पुस्तिका विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करतं. तिथपर्यंत जायचं नसेल तर अवरएअरपोर्ट्स ही खुली यादी चालेल, किंवा गूगल मॅप्सवर धावपट्ट्यांच्या मधोमध बोट दाबून धरा. दोन ठिकाणचे आकडे तिसऱ्या दशांश स्थळावर वेगळे निघाले तर घाबरू नका. अक्षांशातला ०.०१ अंश म्हणजे साधारण १.१ किमी. आपल्या कामासाठी चार दशांश स्थळं भरपूर झाली.

आपल्या उदाहरणासाठी हे आकडे घेऊ:

- मुंबई (बीओएम): अक्षांश १९.०८८७ उत्तर, रेखांश ७२.८६७९ पूर्व
- न्यूयॉर्क (जेएफके): अक्षांश ४०.६३९९ उत्तर, रेखांश ७३.७७८७ पश्चिम

मिनिट-सेकंदांचं दशांशात रूपांतर. अधिकृत पुस्तिकेत जेएफकेचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटं २३.७ सेकंद असा दिसेल. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. ३८ ÷ ६० = ०.६३३३, २३.७ ÷ ३,६०० = ०.००६६, म्हणून ४०.६३९९. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘४० अंश ३८ मिनिटं’ हे ४०.३८ असं लिहिणं. तेवढ्याने विमानतळ जवळपास २९ किमी दक्षिणेला सरकतो. काही तक्त्यांत ‘४० ३८.४’ असा तिसराच प्रकार असतो. तिथे ३८.४ ही पूर्ण मिनिटं आहेत, त्यामुळे फक्त ६० ने भागायचं, वेगळे सेकंद शोधायचे नाहीत.

चिन्हं. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. म्हणून जेएफकेचा रेखांश उणे ७३.७७८७ होतो. भारतातलं सगळंच उत्तरेला आणि पूर्वेला असल्यामुळे आपल्याला उणे चिन्हाची सवय नाही, आणि मुंबई–न्यूयॉर्क या जोडीत ही चूक फारच महागात पडते. मुंबई ७२.८७ पूर्वेला, न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिमेला. आकडे जवळजवळ सारखेच. उणे चिन्ह गळलं की तुमचा जेएफके विमानतळ किर्गिझस्तानात, ओश शहराच्या आसपास जाऊन पडतो आणि अंतर निघतं २,३९८ किमी. सुरुवातीला दिलेला तो आकडा असा येतो.

दक्षिण गोलार्धात हाच प्रकार अक्षांशाच्या बाबतीत होतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा अक्षांश उणे ३३.९५ आहे. उणे विसरलात तर सिडनी जपानच्या पूर्वेला भर समुद्रात.

क्रम. गूगल मॅप्स आधी अक्षांश देतो, मग रेखांश. गूगल अर्थच्या केएमएल आणि जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फायलींमध्ये नेमकं उलटं, आधी रेखांश. तिथून आकडे उतरवताना अदलाबदल झाली तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाते. ९० पेक्षा मोठा आकडा अक्षांशाच्या रकान्यात दिसला तर चूक लगेच कळते. मुंबईचे दोन्ही आकडे ९० च्या आत असल्यामुळे ती सोय इथे नाही.

तपासणी: सूत्राला हात लावायच्या आधी दोन्ही जोड्या, चिन्हांसकट, गूगल मॅप्सच्या शोधपट्टीत टाका. पिन धावपट्टीजवळ पडली पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि वरच्या चारही चुका ते पकडतं. दुसरं काही केलं नाही तरी चालेल, हे मात्र कराच.

## टप्पा ४ : दोन फरक काढा

अक्षांशांतला फरक: ४०.६३९९ − १९.०८८७ = २१.५५१२ अंश.

रेखांशांतला फरक: ७२.८६७९ − (−७३.७७८७) = १४६.६४६६ अंश. उण्यातून उणे गेलं की बेरीज होते, हे इथे लक्षात असू द्या.

सॅन फ्रान्सिस्कोसारखं ठिकाण घेतलं तर हा फरक १८० च्या वर जातो: ७२.८६७९ − (−१२२.३७५०) = १९५.२४२९. तेव्हा ३६० मधून वजा करून १६४.७५७१ घ्या. खरं तर पुढच्या सूत्राला याने काही फरक पडत नाही, दोन्ही आकड्यांनी उत्तर एकच येतं. पण दिशा काढायची असेल किंवा नकाशावर रेघ ओढायची असेल तर १९५ तुम्हाला लांबच्या बाजूने फिरवून आणेल.

इशारा: या दोन फरकांवर पायथागोरस लावू नका. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ आणि गुणिले १११ किमी, असं केलं की १६,४५३ किमी येतात. एका अंशाला १११ किमी हे अक्षांशांच्या बाबतीत सगळीकडे जवळपास खरं आहे. रेखांशांच्या बाबतीत ते फक्त विषुववृत्तावर खरं, ध्रुवांकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. पुणे–नाशिकसाठी ही ढोबळ रीत थोडी दुरुस्ती करून खपेल, समुद्रापार नाही.

## टप्पा ५ : हॅवरसाइन सूत्र

सूत्र दोन ओळींचं आहे:

क = साइन²(अक्षांश-फरक ÷ २) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × साइन²(रेखांश-फरक ÷ २)

अंतर = २ × ६,३७१ × व्यस्त साइन(√क)

६,३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या किमीमध्ये. साइन² म्हणजे आधी साइन काढायचा, मग त्या उत्तराचा वर्ग करायचा. कोनाचा वर्ग करायचा नाही. व्यस्त साइन म्हणजे साइनवरून कोन परत काढणं, कॅल्क्युलेटरवर sin⁻¹.

आता आकडे घालू:

1. अक्षांश-फरकाचा अर्धा १०.७७५६ अंश. साइन ०.१८६९६, वर्ग ०.०३४९६.
2. कोसाइन १९.०८८७ = ०.९४५०१. कोसाइन ४०.६३९९ = ०.७५८८२. गुणाकार ०.७१७०९.
3. रेखांश-फरकाचा अर्धा ७३.३२३३ अंश. त्याच्या साइनचा वर्ग ०.९१७६५.
4. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा गुणाकार ०.६५८०४.
5. क = ०.०३४९६ + ०.६५८०४, म्हणजे सुमारे ०.६९३०.
6. √क = ०.८३२५. त्याचा व्यस्त साइन ५६.३५२५ अंश.
7. दुप्पट केली की ११२.७०५ अंश.

कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर शेवटचं उत्तरही अंशांतच येतं. त्याला थेट ६,३७१ ने गुणायचं नाही, १११.१९५ ने गुणायचं. तो गोलावरच्या एका अंशाचा किमीमधला आकडा. ११२.७०५ × १११.१९५ = १२,५३२ किमी. सहाव्या ओळीपासून पुढे आकडे मध्येच गोल करू नका. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दिसतं तेवढं सगळं पुढे न्या.

इशारा, आणि हा एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: एक्सेल आणि गूगल शीट्स कोन अंशांत नव्हे, रेडियन या कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात समजतात. अंश तसेच घातले तरी ते तक्रार करत नाहीत, गुपचूप उत्तर देतात. या उदाहरणात ते उत्तर ६,२५९ किमी येतं. प्रत्येक कोन आधी ‘रेडियन्स’ या फंक्शनमधून काढा, त्यासाठी शक्यतो वेगळा रकाना ठेवा. रकाना वेगळा असला की १९.०८८७ च्या शेजारी ०.३३३२ दिसतं आणि खात्री पटते. शेवटी व्यस्त साइनचं उत्तर रेडियनमध्येच मिळतं, तेव्हा तिथे ६,३७१ ने थेट गुणलेलं चालतं. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांमध्येही हीच रीत.

सूत्रातलं सुरुवातीचं ‘२ ×’ विसरलात तर ६,२६६ किमी येतं. म्हणजे योगायोगाने रेडियनच्या चुकीला अगदी चिकटून. मुंबई–न्यूयॉर्कचं उत्तर सव्वासहा हजारांच्या आसपास आलं तर या दोन्ही गोष्टी तपासा, एक दुरुस्त करून थांबू नका.

## टप्पा ६ : एकक बदला, एकदाच

किमीला १.८५२ ने भागलं की नॉटिकल मैल. किमीला १.६०९३४४ ने भागलं की नेहमीचे मैल. १२,५३२ किमी म्हणजे ६,७६७ नॉटिकल मैल किंवा ७,७८७ मैल. दोन्हींना मराठीत आपण नुसतं ‘मैल’ म्हणतो आणि तिथेच हजारभर मैलांचा फरक पडतो. आकड्याच्या पुढे कोणते मैल ते पूर्ण लिहा. कुठल्याही संकेतस्थळावरून घेतलेल्या आकड्यालाही हाच नियम.

## टप्पा ७ : पृथ्वी पूर्ण गोल नाही, त्याचं काय?

विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ६,३७८.१ किमी आहे, ध्रुवांपाशी ६,३५६.८. हा चपटेपणा धरून, जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस-८४ या लंबगोलावर अंतर काढलं की मुंबई–जेएफके १२,५५१ किमी येतं. गोल मानून आलं होतं १२,५३२. फरक १९ किमी, म्हणजे ०.१५ टक्के. गोल मानण्यातली चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते.

हे गणित हाताने करत बसू नका. ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ ते करून देतं, दोन कोड मध्ये जोडरेघ देऊन लिहायचे. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणार असाल तर जिओग्राफिकलिब ही तयार लायब्ररी वापरा. व्हिन्सेंटी यांची १९७५ ची रीत अजून खूप ठिकाणी दिसते आणि ती अचूकही आहे, पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या बिंदूंसाठी तिचं गणित कधी कधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही.

त्रिज्या ६,३७१ ऐवजी ६,३७८ घेतली की उत्तर ‘सुधारतं’ असा एक समज आहे. इथे तसं केलं तर १२,५४६ येतं आणि खरोखर जवळ गेल्यासारखं वाटतं. तो या मार्गापुरता योगायोग आहे, दुसऱ्या मार्गावर तो उलटा पडेल.

## टप्पा ८ : उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

तीन तपासण्या, सोप्यापासून सुरुवात.

कमाल मर्यादा. पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं २०,०१५ किमीपेक्षा जास्त दूर असू शकत नाहीत, तो अर्धा परीघ झाला. त्याहून कामाची मर्यादा अशी की सिंगापूर–न्यूयॉर्क हा नियमित विनाथांबा मार्गांमधला सर्वांत लांब मार्ग सुमारे १५,३०० किमीचा आहे. एखादं विमान न थांबता जातं हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमचं उत्तर १६,४५३ आलंय, तर चूक विमानाची नाही.

पृथ्वीगोल आणि दोरा. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, खूण करा आणि तोच दोरा विषुववृत्तावर ठेवा. विषुववृत्त ४०,०७५ किमीचं. दोऱ्याची लांबी भागिले विषुववृत्ताची लांबी, गुणिले ४०,०७५. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर मुंबई–न्यूयॉर्कचा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दोन-तीनशे किमीची चूक राहील, पण निम्मं किंवा पाचवा हिस्सा आलेलं उत्तर लगेच उघडं पडेल.

वाट ओळखीची आहे का? दोरा कुठून जातो तेही पाहा. मुंबईहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट अरबी समुद्र आणि अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेला जात नाही. ती उत्तर-वायव्येला, ३३३ अंशांच्या दिशेने निघते. गुजरात, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशियात रियाझानच्या आसपास, मग सेंट पीटर्सबर्गच्या थोडं दक्षिणेकडून फिनलंड, स्वीडन, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम. तिथून फॅरो बेटांच्या उत्तरेला साधारण ६४.७ अंश उत्तरेपर्यंत चढून दक्षिण आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडातलं लॅब्राडॉर आणि खाली न्यूयॉर्क. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट भलतीच वाकडी दिसते, गोलावर तीच सरळ आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर म्हणूनच टाकून द्यायचं. गूगल मॅप्सचं ‘अंतर मोजा’ हे साधन मात्र वाकडी रेघ काढून बरोबर मोजतं.

## टप्पा ९ : मध्ये थांबा असेल तर

प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा. निघायचं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण घेऊन त्यात ‘थांब्याचे अंदाजे’ किलोमीटर मिळवणं सोडून द्या, अंदाज चुकतोच. दोन उदाहरणं, दोन्ही गोल पृथ्वीवर काढलेली:

- मुंबई–हीथ्रो ७,२१३ + हीथ्रो–जेएफके ५,५४० = १२,७५३ किमी
- मुंबई–दुबई १,९२६ + दुबई–जेएफके ११,००१ = सुमारे १२,९२७ किमी

थेट अंतर १२,५३२. म्हणजे लंडनमार्गे फक्त २२१ किमी जास्त, दुबईमार्गे ३९५. दुबई आपल्याला वाटेवरची वाटते आणि लंडन वाकडी वाट करून जाण्यासारखं. प्रत्यक्षात लंडन जवळच्या वाटेपासून १,४०० किमी दक्षिणेला असूनही त्याचा भुर्दंड कमी पडतो, कारण ते मार्गाच्या मध्याजवळ आहे. लांबच्या मार्गात मधोमध बरंच बाजूला गेलं तरी एकूण अंतर फार वाढत नाही, सुरुवातीलाच बाजूला गेलं की वाढतं.

इशारा: बेरीज करताना सगळे टप्पे एकाच रीतीने काढा. एक टप्पा हॅवरसाइनने आणि दुसरा ग्रेट सर्कल मॅपरवरून घेतला तर तुलनेला अर्थ राहत नाही. इथे फरकच दोन-चारशे किमीचा आहे, त्यात वीस-पंचवीस किमीची भेसळ नको.

युरोपियन भरपाईसाठी मात्र ही बेरीज चालत नाही. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला निघालेल्या प्रवाशांच्या खटल्यात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की एकाच आरक्षणावरच्या प्रवासात पहिलं निघायचं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांमधलं थेट अंतरच धरायचं. त्या प्रवासात दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किमी होती, रोम–हॅम्बुर्ग थेट १,३२६. बेरीज धरली असती तर १,५०० ची मर्यादा ओलांडून भरपाई ४०० युरोंवर गेली असती, थेट धरल्यामुळे २५० वर राहिली. फ्रँकफर्टहून किंवा पॅरिसहून मुंबईला येणाऱ्यांना ही काळजी नाही. ते अंतर ३,५०० च्या बरंच वर आहे.

## टप्पा १० : प्रत्यक्ष उडालेलं अंतर

आतापर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. विमान त्याहून जास्तच उडतं आणि किती जास्त, हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. वरच्या वाटेत दुसराच प्रदेश सिंध होता हे आठवा. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपियन कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे, म्हणजे त्याच वाटेचा मधला मोठा भागही त्यांच्यासाठी गेला. एकाच मार्गावर दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी का जातात, याचं उत्तर बरेचदा यात असतं. याशिवाय वारा आहे. जेट स्ट्रीमचा फायदा घेण्यासाठी किंवा तो टाळण्यासाठी वैमानिक लांबची वाट मुद्दाम घेतात, कारण इंधन हवेतून कापलेल्या अंतराला लागतं, नकाशावरच्या नाही.

एखाद्या विशिष्ट दिवसाचं उडालेलं अंतर हवं असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या उड्डाणाचा माग काढा. एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नका, वेगवेगळ्या दिवसांचे माग शेजारी ठेवा आणि जाण्याचे-येण्याचे वेगळे ठेवा. समुद्रावर माग तुटक असेल तर तिथे साधनाने अंदाजाची रेघ ओढलेली असते, ती मोजलेली नसते.

कार्बन उत्सर्जनासाठी ठोकळ वाढ पुरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या रीतीत बृहद्वृत्तावरच्या अंतरात ठरावीक किलोमीटर मिळवतात: ५५० किमीपेक्षा कमी असेल तर ५०, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. ही भर उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र लागते. मुंबई–जेएफके थेट असेल तर १२,५५१ + १२५ = १२,६७६ किमी. लंडनमार्गे जाणाऱ्याने दोन्ही टप्प्यांना १२५ मिळवायचे, एकदाच नाही.